कामाच्या प्रवासासाठी पैसे भरून मेंबरशिप घ्यावी का? हिशेब कसा मांडायचा?

पाऊलवाट

कामानिमित्त सतत फिरणाऱ्यांना विकल्या जाणाऱ्या मेंबरशिपबद्दल हा धागा आहे. वर्षाचं शुल्क भरायचं आणि बदल्यात विमानतळावर लाउंज, हॉटेलात वरच्या दर्जाची खोली, उशिरा चेकआउट, एखादी रात्र मोफत, गाडीभाड्यात सूट, थोडाफार विमा असं गाठोडं मिळतं. माहितीपत्रकात या सगळ्याची बेरीज शुल्काच्या दोन-तीन पट दाखवलेली असते. ती बेरीज कितपत खरी धरायची?

परिस्थिती अशी: महिन्याला साधारण एक फेरी, तिकीट इकॉनॉमीचं, मुक्काम बहुतेक वेळा त्याच दोन-तीन शहरांत. क्रेडिट कार्डावर वर्षाला मोजक्या लाउंज भेटी आधीच आहेत. शुल्क कंपनी भरणार की स्वतः भरायचं, हे ठरलेलं नाही. "घ्या" किंवा "नको" एवढ्यावर थांबू नका, हिशेबाची पद्धत हवी आहे.

खतावणी

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मागच्या बारा महिन्यांची खर्चाची बिलं काढा. प्रत्येक फेरीसाठी एक ओळ लिहायची: कुठल्या टर्मिनलवरून निघालात, उड्डाण किती वाजता होतं, मध्ये थांबा किती तासांचा, हॉटेल कुठलं, बुकिंग कुठून झालं. मग मेंबरशिपच्या एकेका फायद्याला तीन प्रश्न विचारायचे. हा फायदा नसता तर खिशातून खरोखर किती गेले असते? तो आत्ताच दुसरीकडून मिळतोय का? आणि मागितला तर मिळण्याची शक्यता किती?

चलन कुठलंही असो, शुल्क १०० धरा आणि बाकी आकडे त्याच मापात मांडा. समजा वर्षात २४ वेळा विमानतळावरून निघायचं आहे. ८ वेळा कार्डावरच्या भेटी पुरतात, उरल्या १६. त्यातली ६ उड्डाणं भल्या पहाटेची आहेत. सुरक्षा तपासणी होईपर्यंत बोर्डिंग सुरू झालेलं असतं, म्हणून ती वजा करा. राहिल्या १०. तीनदा ज्या टर्मिनलवरून निघायचं तिथे त्या जाळ्यातलं लाउंजच नाही. हाती आल्या ७ भेटी. लाउंजचा दारावरचा दर ९ आहे, पण लाउंज नसतं तर बाहेर चहा-खाण्यावर ४ गेले असते. म्हणून ७ गुणिले ४, म्हणजे २८.

उशिरा चेकआउटची खरी गरज वर्षातून ३ वेळा. अर्ध्या दिवसाचं भाडं प्रत्येकी १०. "उपलब्धतेनुसार" अशी अट असेल तर साठ टक्के धरा, झाले १८. मोफत रात्रीची दर्शनी किंमत ३०, पण ती वापरली जाईलच असं नाही, म्हणून निम्मी, १५. नाश्ता कंपनीच्या ठरलेल्या दरात आधीच आहे, त्यामुळे शून्य. वायफाय शून्य. एकूण ६१. शंभराला ६१ मिळाले, म्हणजे ही मेंबरशिप या माणसासाठी नाही.

माहितीपत्रक मात्र २४ गुणिले ९ करून नुसत्या लाउंजचे २१६ दाखवतं.

उंबरठा

"नसतं तर किती गेले असते" हा प्रश्न विचारला की निम्मे फायदे गळून पडतात. +१.

फुकटराव

फुकट ते पौष्टिक! खतावणींच्या दुसऱ्या प्रश्नाला जोडून सांगतो: पैसे भरायच्या आधी जे विनाशुल्क मिळतं ते सगळं गोळा करून घ्या. मोठ्या हॉटेल साखळ्यांचं साधं सभासदत्व मोफत असतं. खोलीतलं वायफाय आणि सभासदांचा थोडा कमी दर त्यातच मिळतो, फक्त बुकिंग थेट त्यांच्याकडे करावं लागतं. गाडीभाड्याच्या बड्या कंपन्यांचंही तसंच: हर्ट्झचं गोल्ड प्लस रिवॉर्ड्स, एव्हिसचं प्रेफर्ड, नॅशनलचं एमराल्ड क्लब, तिन्ही मोफत. काउंटरवरची रांग टळते ती त्यांच्यामुळेच.

वरचा दर्जाही मुक्काम केलेल्या रात्रींच्या संख्येवर मिळतो. मॅरियट हॉटेल साखळीच्या बॉनव्हॉय कार्यक्रमात वर्षाला १० रात्रींवर सिल्व्हर, २५ वर गोल्ड, ५० वर प्लॅटिनम. मुक्काम दोन-तीन ठरलेल्या शहरांत असेल तर सगळ्या रात्री एकाच साखळीत गोळा करून पाहा. चार साखळ्यांत विखुरलेल्या रात्रींनी कुठलाच दर्जा हाती लागत नाही, आणि मग तीच उणीव भरून काढायला मेंबरशिप विकत घ्यावीशी वाटते.

ढगाआड

खतावणींची पद्धत मान्य, पण लाउंजला सरसकट ४ लावणं मला पटत नाही. थेट उड्डाण आणि मध्ये पाच तासांचा थांबा यांना एकच भाव कसा? लांब थांब्यात दोनदा खाणं होतं, चार्जिंगची जागा लागते, शांतपणे एखादा कॉल करायचा असतो. रात्रभर प्रवास करून उतरल्यावर थेट बैठकीला जायचं असेल तर अंघोळीची सोय लागते. या गोष्टी माणूस एरवीही पैसे देऊन घेईल, म्हणून अशा भेटींना दारावरचा पूर्ण दर लावायला हवा. खतावणींच्या त्या ७ भेटी सगळ्या अशाच असतील तर लाउंजचे २८ ऐवजी ६३ होतात आणि बेरीज ६१ वरून ९६ वर जाते. एवढ्या एका बदलाने निर्णय अगदी काठावर येतो. त्यामुळे फेऱ्यांच्या तक्त्यात "थांबा किती तास" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे.

लाउंजच्या मेंबरशिपमध्येही पायऱ्या असतात. प्रायॉरिटी पासचंच घ्या. स्टँडर्डमध्ये वार्षिक शुल्क भरूनही प्रत्येक भेटीचे पैसे वेगळे द्यावे लागतात, स्टँडर्ड प्लसमध्ये १० भेटी आत धरलेल्या असतात, प्रेस्टिजमध्ये भेटींना मर्यादा नाही. सोबतच्या पाहुण्याचे पैसे वेगळे. कुठली पायरी परवडते ते एका भागाकारात कळतं: दोन पायऱ्यांच्या शुल्कातला फरक भागिले एका भेटीचा दर. उत्तर १२ आलं आणि तुमच्या जास्तीच्या भेटी ७ असतील, तर खालच्या पायरीवरच थांबायचं.

आणखी एक. प्रायॉरिटी पास आणि लाउंजकी दोन्ही कॉलिन्सन या एकाच समूहाचे आहेत. कार्डावर एक असताना दुसरं विकत घेतलं तर बरीचशी तीच लाउंज पुन्हा पदरात पडतात. घेण्याआधी दोन्ही याद्या तुमच्या टर्मिनलपुरत्या शेजारी ठेवून बघा.

नकाशा७

यादी शहराच्या नावाने कधीच बघू नका. विमानतळ, टर्मिनल, देशांतर्गत की आंतरराष्ट्रीय, सुरक्षा तपासणीच्या अलीकडे की पलीकडे, एवढं सगळं जुळलं तरच ते लाउंज तुमचं. इमिग्रेशनच्या पलीकडचं लाउंज देशांतर्गत प्रवाशाच्या काही कामाचं नाही.

शिवाय दारावरची पाटी: "जागा नाही". सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या तासांत लाउंजवाले आधी विमान कंपन्यांच्या बिझनेस क्लासच्या प्रवाशांना घेतात, बाहेरच्या कार्डवाल्यांना थांबवतात. बऱ्याच ठिकाणी उड्डाणाआधी तीन तासांपेक्षा लवकर आत घेत नाहीत, म्हणजे ढगाआड यांच्या पाच तासांतले दोन बाहेरच काढावे लागू शकतात. काही लाउंज थोडे पैसे घेऊन जागा राखून ठेवतात. ते पैसेही हिशेबात धरा.

ढगाआड

तीन तासांचा मुद्दा बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे त्या लाउंजच्या पानावर थांब्याच्या प्रवाशांसाठी वेगळा नियम दिलाय का ते पाहणं. बऱ्याचदा दिलेला असतो.

किल्लीवाला

हॉटेलच्या बाजूने लिहितो. "हमखास" आणि "उपलब्धतेनुसार" या दोन शब्दांत सगळा फरक आहे. मॅरियटमध्येच पाहा: गोल्डला दुपारी २ पर्यंतचं चेकआउट मिळतं ते उपलब्धतेनुसार, प्लॅटिनमला ४ पर्यंतचं हमखास, तेही रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेल वगळून. विकत घेतलेल्या मेंबरशिपच्या अटींत यातला कुठला शब्द आहे ते आधी शोधा. उपलब्धतेनुसार असेल तर खतावणींनी धरलेले साठ टक्केसुद्धा जास्त आहेत. कामाचे प्रवासी राहतात ती हॉटेलं आठवड्याच्या मधल्या दिवशी भरलेली असतात, आणि तुमचा प्रवास नेमका त्याच दिवशी असतो.

खोली वाढवून देणं कसं ठरतं, हेही माहीत असावं. त्या दिवशी येणाऱ्यांची यादी सकाळी निघते. वरच्या खोल्या किती रिकाम्या आहेत ते बघून आधी वरच्या दर्जाच्या सभासदांना, मग जास्त दिवस राहणाऱ्यांना, असं वाटप होतं. एका रात्रीसाठी, सर्वात स्वस्त दराने आलेला माणूस त्या यादीत खालीच राहतो. मेंबरशिप क्रमांक बुकिंगवर नसेल तर यादीत तो दिसतच नाही. काउंटरवर कार्ड दाखवेपर्यंत वाटप होऊन गेलेलं असतं. म्हणून क्रमांक बुकिंग करतानाच घाला, आणि नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न अक्षर.

चेकआउट उशिरा हवं असेल तर आदल्या संध्याकाळी मागा. सकाळी साफसफाईच्या पाळीचं काम वाटून झालं की डेस्कवरच्या माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही. "हो" मिळालं की ते सिस्टिममध्ये चढवायला सांगा आणि किल्लीचं कार्ड पुन्हा एन्कोड करून घ्या. कार्ड मूळ चेकआउटच्या वेळेला बंद पडतं. बाराला खाली जेवायला गेलात तर परत आल्यावर दार उघडणार नाही आणि सामान आत.

उंबरठा

किल्लीवाला, एन्कोडचा मुद्दा लाखमोलाचा. वाचनखूण साठवली.

पाऊलवाट

उत्तम माहिती मिळतेय, आभार. दोन उपप्रश्न. मोफत रात्रीला निम्मी किंमत का? आणि मेंबरशिपच्या स्वतःच्या पोर्टलवर हॉटेलचे दर कमी दिसतात, ते कुठे धरायचे?

बारीकअक्षर

मोफत रात्रीच्या अटी नेहमी चार ठिकाणी अडवतात. मुदत मिळाल्या दिवसापासून चालू होते, पहिल्या वापरापासून नाही. मुदतीच्या आत बुकिंग करून चालतं की मुक्कामच पूर्ण व्हावा लागतो, हे वेगळं तपासावं लागतं. सणासुदीच्या किंवा मोठ्या प्रदर्शनांच्या तारखा वगळलेल्या असू शकतात. आणि खोल्यांचा कोटा ठरलेला असतो: हॉटेलात जागा आहे, पण त्या कोट्यात नाही.

ठोस उदाहरण इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलांच्या ॲम्बॅसेडर योजनेचं. हे सशुल्क सभासदत्व आहे. त्यातली मोफत रात्र शनिवार-रविवारच्या सुमाराची, आणि तिच्यासोबत एक रात्र पैसे भरून घ्यावी लागते, तीही त्या योजनेसाठी ठरवलेल्या दराने. तो दर त्या दिवसाच्या सर्वात स्वस्त दरापेक्षा जास्त असू शकतो. म्हणून योजनेत दोन रात्रींचे मिळून किती जातात आणि एरवी स्वस्त दराने दोन रात्रींचे किती गेले असते, यातला फरक हीच त्या रात्रीची खरी किंमत. कामासाठी सोमवार ते गुरुवार फिरणाऱ्याला ती रात्र कामात वापरताच येत नाही. घरच्यांसोबत सुट्टीला जायचं ठरलेलं असेल तर पूर्ण किंमत धरा, नाहीतर शून्य. निम्मी हा नुसता मधला आकडा झाला.

त्याच सभासदत्वाची दुसरी बाजूही सांगायला हवी. खोली एका श्रेणीने वाढवून देणं आणि दुपारी ४ पर्यंत चेकआउट हे त्याचे मुख्य फायदे आहेत आणि आयएचजी या त्यांच्या मूळ समूहाचा प्लॅटिनम दर्जाही सोबत येतो. हे खास फायदे फक्त इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलांत. तुमच्या दोन-तीन शहरांत कंपनीच्या मर्यादेत बसणारं इंटरकॉन्टिनेन्टल असेल तर गणित जुळायला फार वेळ लागत नाही. नसेल तर कितीही छान योजना असो, उपयोग नाही.

पोर्टलबद्दल: दर कमी दिसतो तेव्हा रद्द करण्याची अट, कर आणि नाश्ता या तिन्ही गोष्टी जुळवून मग तुलना करा. रद्द न होणारा दर आणि रद्द होणारा दर शेजारी ठेवून "पंधरा टक्के स्वस्त" म्हणणं चूक. कामाच्या बैठका पुढे ढकलल्या जातात. एक मुक्काम बुडाला तर जवळपास सहा मुक्कामांची बचत त्यात गेली. शिवाय त्रयस्थ पोर्टलवरून झालेल्या बुकिंगच्या रात्री हॉटेल साखळीच्या दर्जासाठी सहसा मोजल्याच जात नाहीत. फुकटराव म्हणतात तसं रात्री गोळा करायच्या असतील तर पोर्टल त्याच्या आड येतं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला व्हायचा.

सहीशिक्का

शुल्क कोण भरतं, यावर थोडं. फायदा ज्याच्या खिशात जातो त्याने भरावं, एवढं तत्त्व धरलं की बराच गुंता सुटतो. लाउंजमुळे जेवणाचा क्लेम कमी झाला, तर बचत कंपनीची. उशिरा चेकआउटमुळे अर्ध्या दिवसाचं भाडं वाचलं, तीही कंपनीची. शनिवारची मोफत रात्र आणि पॉइंट्स, ही प्रवाशाची. कंपनीकडे मागणी नेताना पहिल्या दोनांचेच आकडे न्या. तिसरा त्यात घातला की लेखा विभाग पूर्ण अर्जाकडेच संशयाने बघतो.

बिल कंपनीच्या नावे आणि कंपनीच्या कर क्रमांकासह मागा, शुल्क भरायच्या आधी. नंतर नाव बदलून देत नाहीत. मेंबरशिप व्यक्तीच्या नावे असते आणि ती सहसा दुसऱ्याला देता येत नाही, म्हणजे नोकरी सोडली की उरलेले महिने त्या माणसाबरोबर जातात.

कंपनीचं ट्रॅव्हल डेस्क असेल तर पोर्टलवरून परस्पर केलेलं बुकिंग त्यांना दिसत नाही. वादळ आलं, संप झाला, विमानतळ बंद पडला, तर आपला माणूस कुठल्या हॉटेलात आहे हे शोधायला त्यांच्याकडे नोंदच नसते. बऱ्याच कंपन्यांचे नियम असं बुकिंग मान्य करत नाहीत ते याच कारणाने.

फिरणारे पाच-सहा जण असतील तर एकेकाची मेंबरशिप घेण्याआधी विमान कंपन्यांचे छोट्या कंपन्यांसाठीचे कार्यक्रम बघा. एमिरेट्स बिझनेस रिवॉर्ड्स, सिंगापूर एअरलाइन्सचं हायफ्लायर, दोन्हींची नोंदणी मोफत. पॉइंट्स कंपनीला मिळतात आणि प्रवाशाला त्याचे नेहमीचे माइल्सही मिळत राहतात.

ढगाआड

सहीशिक्का, बचत कंपनीची आणि आराम प्रवाशाचा, अशी वाटणी पुरेशी नाही. थकलेला माणूस बैठकीत चांगलं काम करू शकत नाही. हेही कंपनीचंच नुकसान.

खतावणी

मान्य, पण तो आकडा बेरजेत घालू नका. वेगळी ओळ करा: "आरामासाठी किती मोजायची तयारी आहे?" वरच्या उदाहरणात ३९ कमी पडत होते. लाउंज आणि संध्याकाळपर्यंत हाती असलेली खोली, यांसाठी वर्षाला ३९ द्यायची तयारी असेल तर खुशाल घ्या, निर्णय चूक नाही. पण ते पैसे आपण आरामासाठी देतोय हे स्पष्ट असू द्या, "पैसे वाचतात" म्हणून घेऊ नका. दोन्ही एकत्र झालं की दरवर्षी नूतनीकरण होत राहतं आणि तपासणी कधीच होत नाही.

पावती

विम्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून. या मेंबरशिपमधला किंवा कार्डावरचा विमा बऱ्याचदा तिकिटाचे पैसे त्याच कार्डाने भरले असतील तरच लागू होतो. कामाचं तिकीट ट्रॅव्हल डेस्क कंपनीच्या खात्यातून काढत असेल तर तुमचं कार्ड मध्ये येतच नाही, आणि विमा कागदावरच राहतो. पॉलिसीचा मूळ मजकूर मागा, आणि उशिराची व्याख्या किती तासांची आहे ते बघा.

काही हक्क मेंबरशिप नसतानाही तुमचेच आहेत. सामान हरवणं, मोडणं किंवा उशिरा मिळणं यासाठी १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात विमान कंपनीची जबाबदारी आहे. मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रति प्रवासी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत. विमानतळ सोडायच्या आधी विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल, नोंदवून त्याचा क्रमांक घ्या. त्यावाचून विमावालाही दारात उभं करत नाही. युरोपीय संघातून सुटणाऱ्या उड्डाणाला २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. उड्डाण रद्द झालं किंवा फार उशिरा पोहोचलं तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो, असाधारण कारण नसेल तर. ही भरपाई प्रवाशाची असते, तिकीट कंपनीने काढलेलं असलं तरी. "विमान उशिराचं संरक्षण" या नावाखाली मेंबरशिप नेमकं काय जादा देते, ते या दोन्ही वजा करून मोजा.

फुकटराव

अवांतर: मेंबरशिपचं डिजिटल कार्ड ॲपमध्ये असतं आणि विमानतळाचं वायफाय ऐन वेळी चालत नाही. क्यूआर कोड आधीच उघडून ठेवा, प्लास्टिक कार्ड मिळत असेल तर तेही मागवा. स्क्रीनशॉट सगळीकडे चालत नाही.

पाऊलवाट

खतावणींच्या पद्धतीने तक्ता केला, ढगाआड यांची दुरुस्ती धरून. बहुतेक उड्डाणं थेट आहेत, लांब थांबे दोनच. बेरीज सत्तरच्या आत राहतेय. इंटरकॉन्टिनेन्टल ठरलेल्या शहरांपैकी एकातच आहे आणि ते कंपनीच्या मर्यादेबाहेर. म्हणजे आत्ता घ्यायची नाही, रात्री एका साखळीत गोळा करायच्या. पण पुढच्या सहा महिन्यांत एक लांबचा प्रकल्प आहे, फेऱ्या वाढू शकतात. तेव्हा पुन्हा बघताना कशाकडे लक्ष ठेवू?

बारीकअक्षर

सुरुवातीच्या तारखेकडे. वर्ष सभासद झाल्या दिवसापासून मोजतात की जानेवारी ते डिसेंबर, हे विचारा. कॅलेंडर वर्षाचं असेल आणि ऑक्टोबरमध्ये घेतली तर तीन महिन्यांत संपते. सभासद झाल्या दिवसापासून असेल तर प्रकल्पाची पहिली फेरी नक्की होईपर्यंत थांबा, तिकीट हातात आलं की घ्या. मोफत रात्रीची आणि लाउंज भेटींची मुदतही तेव्हाच चालू होते.

आणि घेतल्या दिवशीच आपोआप होणारं नूतनीकरण बंद करा. फायदे वर्षभर चालू राहतात की बंद करताच थांबतात, हे अटींत वाचून मगच. थांबत असतील तर संपण्याच्या तारखेआधी ४५ दिवसांची आठवण लावा. काही ठिकाणी रद्द करायची सूचना ३० दिवस आधी द्यावी लागते, आणि शुल्क एकदा कापलं गेलं की परत मिळवायला खूप पत्रव्यवहार करावा लागतो.

किल्लीवाला

प्रकल्पासाठी एकाच हॉटेलात सलग मुक्काम असेल तर मेंबरशिपच्या आधी त्या हॉटेलच्या विक्री विभागाला ईमेल करा. किती रात्री, कुठल्या महिन्यांत, किती माणसं, एवढं लिहा आणि नाश्ता, ४ पर्यंतचं चेकआउट व कपड्यांची धुलाई दरात धरून भाव मागा. रात्रींचा आकडा बरा असेल तर हे तिन्ही बहुतेक वेळा देतात, आणि ते करारात लिहिलेलं असल्यामुळे हमखास मिळतं. भाव मिळाला की त्याचा कोड ट्रॅव्हल डेस्ककडे द्या, म्हणजे बुकिंग त्यांच्याच सिस्टिममधून होईल. या दराच्या रात्री दर्जासाठी मोजल्या जातात का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.